कन्व्हर्टिबल कार सीट निवडताना: बाळ रडतं तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं?

आधी प्रश्न थोडक्यात. मुलगी आठ महिन्यांची, वजन ९ किलो, उंची ७२ सेंटिमीटर. जन्मापासून वापरलेली हँडलवाली बाळसीट आता तिला अपुरी पडते, डोकं वरच्या कडेला लागायला आलं आहे. गाडी लहान आहे. कन्व्हर्टिबल, म्हणजे आधी गाडीच्या मागच्या बाजूला आणि नंतर पुढे तोंड करून वापरता येणारी सीट घ्यायची हे ठरलंय, पण सुरक्षित बघावी की आरामदायक, इथे गाडं अडलंय. कारण मुलगी गाडीत दहा मिनिटांत रडायला लागते. घरचे म्हणतात, पाय दुमडावे लागतात म्हणून रडते, नवी सीट घ्याल तेव्हा तिला पुढे तोंड करून बसवा.

गेली चौदा वर्षं मी पालकांच्या गाड्यांत कार सीट बसवून देते, आधीच बसवलेल्या तपासते आणि त्या कशा बसवायच्या ते शिकवते. या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. आराम आणि सुरक्षितता यांतलं एक निवडायची वेळ सहसा येतच नाही. रडणारं बाळ घेऊन कुणी माझ्याकडे आलं की बहुतेक वेळा मला काहीतरी चुकीचं लावलेलं सापडतं. पट्टा चुकीच्या उंचीवर असतो, सीटचा कोन बिघडलेला असतो, तान्ह्या बाळाची गादी अजून आतच असते, किंवा जाड कपड्यांत बाळ घामानं भिजलेलं असतं. जी चूक बाळाला आज टोचते, तीच चूक अपघातात त्याला दुखापत करते. म्हणून रडणं हे तक्रारीपेक्षा खूण म्हणून बघा आणि सीट बदलण्याआधी खूण कशाची आहे ते शोधा.

आता पुढे तोंड करण्याबद्दल, कारण बाकी सगळी निवड या उत्तरावर उभी आहे. आठव्या महिन्यात नाही. अजिबात नाही.

जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या साधारण पाव भाग असतं, मोठ्या माणसाचं जेमतेम एक अष्टमांश. म्हणजे शरीराच्या मानानं खूप मोठं, जड डोकं एका नाजूक मानेवर तोललेलं असतं. त्या मानेतले मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. एकेका मणक्याचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकजीव व्हायला पुढची काही वर्षं जातात. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं जाऊन समोर धडकली की आतल्या शरीरावर काही क्षण गुरुत्वाकर्षणाच्या २५-३० पट जोर येऊ शकतो. त्या क्षणी ९ किलोचं बाळ अडीचशे किलोच्या ओझ्यासारखं पुढे ओढलं जातं. पुढे तोंड असेल तर पट्टे छाती धरून ठेवतात, पण डोक्याला कुणी धरत नाही. ते पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ हे सगळं एकत्र सीटच्या पाठीत रुततं आणि तोच जोर पूर्ण पाठीवर पसरतो. धडक तीच, वेग तोच, फक्त जोर कुठे येतो ते बदलतं.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकांना अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून हे सुचलं. उड्डाणाचा जोर पाठीवर यावा म्हणून ते अंतराळवीर उताणे बसायचे. त्यातून मागे तोंड करून बसवायची मुलांची सीट तयार झाली आणि त्या देशात आजही मुलं चार वर्षांच्या आसपास होईपर्यंत तशीच बसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ मध्ये किमान दोन वर्षांपर्यंत मागे तोंड असावं असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी वयाची ती रेघ काढून टाकली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा, असं सांगितलं. संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या कार सीटच्या नियमात १५ महिन्यांआधी पुढे तोंड करायला मनाईच आहे. मी तिथेही थांबू नका म्हणते. १५ महिने ही कमीत कमी मर्यादा आहे, त्या दिवशी सीट वळवायलाच हवी असं नाही.

पायांचं काय? हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आजी-आजोबांनी विचारलाय, आणि तो प्रेमातूनच येतो. आपण स्वतःला त्या जागी कल्पून बघतो आणि आपले गुडघे दुखायला लागतात. पण घरात जमिनीवर खेळणारं मूल कसं बसतं ते बघा. मांडी घालून, पाय फाकवून, बेडकासारखं. या वयात कंबरेचे सांधे इतके लवचिक असतात की मागच्या सीटला टेकलेले, दुमडलेले पाय त्यांना त्रास देत नाहीत. पुढे तोंड केलेल्या मुलाचे पाय उलट अधांतरी लटकतात, त्यांना आधारच नसतो. आणि अपघातात पायाची इजा पुढे तोंड केलेल्या मुलांत जास्त दिसते, कारण पाय झटक्यानं उडून समोरच्या सीटच्या पाठीवर आपटतात. पाय टेकतात ही सीट लहान झाल्याची खूण नाही.

खूण डोक्याची असते. मागे तोंड असताना बाळाच्या टाळूपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत साधारण अडीच सेंटिमीटर तरी कवच, म्हणजे सीटच्या पाठीचा कडक भाग, शिल्लक असायला हवं. काही कंपन्या वेगळं माप देतात, तेव्हा त्या सीटचं माहितीपुस्तक सांगेल ते खरं. तुमच्या वर्णनावरून मुलगी त्या कडेला पोचली आहे, म्हणजे वजन मर्यादेत असलं तरी ती सीट आता संपली. बदलायची वेळ तुम्ही बरोबर ओळखलीत.

आता कन्व्हर्टिबल निवडताना मी काय बघते ते सांगते. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि एक आकडा शोधा: मागे तोंड करून किती किलोपर्यंत आणि किती उंचीपर्यंत? काही सीट १३ किलोलाच थांबतात, काही १८ पर्यंत जातात, काही २३-२५ पर्यंत. तुमच्या मुलीचं वजन आत्ताच ९ किलो आहे. १३ किलोची सीट घेतलीत तर फार काळ जाणार नाही आणि तुमच्यावर तिला लवकर वळवायची वेळ येईल. पण मुलं बऱ्याचदा वजनाच्या आधी उंचीनं सीट ओलांडतात, म्हणून कवच किती उंच आहे हे वजनाच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं. त्यात एकूण उंचीपेक्षा धडाची लांबी जास्त कामाची. मुलीला भिंतीला टेकवून जमिनीवर बसवा आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत, मग टाळूपर्यंत मोजा. दोन्ही माप लिहून दुकानात न्या. लांब धड आणि आखूड पाय असलेलं मूल एखादी सीट शेजारच्या मुलापेक्षा सहा महिने आधी ओलांडतं, दोघांची उंची सारखी असूनही.

जन्मापासून दहा-बारा वर्षांपर्यंत एकच सीट, अशी जाहिरात दिसेल. मोह होतो, मला समजतं. मात्र अशा बऱ्याच सीटमध्ये मागे तोंड करण्याची मर्यादा तोकडी असते, आणि बूस्टर (मोठ्या मुलाला गाडीचाच बेल्ट नीट लागावा म्हणून उंच बसवणारी सीट) म्हणून वापरायची वेळ येईपर्यंत सीटची मुदत संपत आलेली असते. प्लॅस्टिक ऊन-थंडीनं थकतं. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात आणि ती किंवा बनवल्याची तारीख सीटच्या अंगावर कोरलेली किंवा चिकटवलेली असते. माझा सल्ला: मागे तोंड आणि पुढे तोंड ही दोन कामं उत्तम करणारी सीट घ्या, बूस्टरचं पुढे बघता येईल.

मान्यतेचं लेबल बघणं हे काम दोन मिनिटांचं आहे पण टाळू नका. युरोपीय पद्धतीच्या सीटवर गोलात 'ई' अक्षर असलेलं नारिंगी लेबल असतं, त्यावर आर ४४ (हा आधीचा नियम) किंवा आर १२९ लिहिलेलं असतं. आर ४४ असेल तर मान्यता क्रमांकाची सुरुवात ०४ नं झालेली बघा, त्याआधीच्या फार जुन्या. आर १२९ हा २०१३ पासूनचा नियम, त्यात मूल वजनापेक्षा उंचीनं मोजलं जातं आणि बाजूनं बसणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची आहे. आर ४४ मध्ये ती नव्हती. दोन्हींत निवड असेल तर मी आर १२९ घेईन. अमेरिकन सीट एफएमव्हीएसएस २१३ या नियमाखाली येतात, तसं लेबलवर लिहिलेलं असतं. ज्या सीटवर असं कुठलंच लेबल नाही, माहितीपुस्तक नाही, आणि जी हातात घेतली तर उशीसारखी हलकी लागते, तिला सीट म्हणू नका. कापडाला चार पट्टे शिवून विकलेल्या अशा वस्तू मी पाहिल्यात. त्यांच्यात बाळ बसलेलं पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो.

नियमाच्या वर जाऊन होणाऱ्या स्वतंत्र चाचण्याही असतात. जर्मनीतला एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब इतर संस्थांबरोबर अशा चाचण्या करतो. तिथे धडकेबरोबर वापरायला सोपं किती, बाळाला बसायला जागा कशी, कापडात घातक रसायनं आहेत का, हेही तपासलं जातं. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एका ठिकाणी मिळतात. वाचताना एक लक्षात ठेवा, तिथे गुण जितके कमी तितकी सीट चांगली. स्वीडनची प्लस टेस्ट फक्त मानेवरचा ताण मोजते आणि ती कडक आहे. मोठ्या वजनापर्यंत मागे तोंड ठेवणारी सीट हवी असेल तर ते चिन्ह शोधा.

पण सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झालेली सीट तुमच्या गाडीत नीट बसली नाही तर तिचा उपयोग नाही. तुमची गाडी लहान आहे असं लिहिलंत, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिली अडचण पुढच्या सीटची. मागे तोंड केलेली कन्व्हर्टिबल लांब असते आणि तिच्या पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. त्यामुळे दुकानात बघताना तुमच्यातल्या उंच माणसाला नेहमीसारखं बसवा आणि मग उरलेल्या जागेत सीट ठेवून बघा. कोनाबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तान्ह्या बाळाला साधारण ४५ अंशात रेलून ठेवावं लागतं, नाहीतर डोकं छातीवर पडून श्वासनलिका दबू शकते. मान सावरणाऱ्या, स्वतःहून बसणाऱ्या बाळाला एवढं रेलायची गरज नसते. अनेक सीट मोठ्या बाळासाठी जास्त उभा कोन चालतो असं सांगतात, आणि तेवढ्यानं पुढे बरीच जागा मोकळी होते. शिवाय आठ-नऊ महिन्यांच्या मुलाला बाहेर बघायचं असतं. उताणं पडून नुसतं छत बघत राहावं लागलं तर ते रडणारच. कोन बदलल्यावर शांत झालेली मुलं मी खूप पाहिलीत. सीटवरच्या रेघा किंवा पातळी दाखवणारा बुडबुडा काय सांगतो ते बघा, गाडी सपाट जागी उभी करून. दोन वेगवेगळ्या गाड्यांत तीच सीट वेगळ्या कोनात बसते, कारण गाडीच्या सीटचा उतार वेगळा असतो.

दुसरी अडचण अडकवण्याची. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सीटच्या फटीत असलेले दोन धातूचे आकडे, त्यात सीट खटकन बसते. सोय मोठी आहे, चुका कमी होतात. पण त्याला वजनाची मर्यादा असते. आर १२९ च्या आयसोफिक्स सीटमध्ये मूल आणि सीट मिळून ३३ किलो, अमेरिकेतल्या लॅच या तशाच पद्धतीत दोन्ही मिळून साधारण २९.५ किलो. सीट स्वतःच दहा-बारा किलोची असते हे विसरू नका. गाडीत आयसोफिक्स नसेल तर घाबरू नका. सीट बेल्टनं घट्ट बसवलेली सीट तितकीच सुरक्षित असते, फक्त मेहनत जास्त. बेल्ट लॉक होतो की नाही ते समजून घ्या. काही गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो आत जाताना अडकत जातो, काही कार सीटमध्ये बेल्ट दाबून धरणारा चिमटा असतो. आयसोफिक्सचे आकडे आणि बेल्ट दोन्ही एकदम लावणं म्हणजे दुप्पट सुरक्षा असं वाटतं, पण तसं नाही. माहितीपुस्तक परवानगी देत नसेल तर दोन्हीपैकी एकच.

सीटला खाली आधाराचा पाय असेल तर तुमच्या गाडीच्या तळात झाकणाचा कप्पा आहे का बघा. पोकळ कप्प्यावर तो पाय टेकवायचा नसतो, गाडीच्या कंपनीनं तसं चालेल म्हटलं असेल तरच. आणि गाडीच्या बेल्टचं बकल लांब दांड्याचं असेल तर ते कार सीटच्या कडेवर वाकडं येतं. ओढताना घट्ट वाटतं पण भार बकलवर चुकीच्या जागी पडतो. अशा वेळी ती सीट त्या जागेसाठी नाही, दुसरी जागा किंवा दुसरी सीट बघा.

मागच्या सीटवरची मधली जागा बाजूच्या धडकेपासून सगळ्यात दूर असते, म्हणून ती उत्तम, पण तिथे सीट घट्ट बसत असेल तरच. घट्ट बसलेली बाजूची सीट डुगडुगणाऱ्या मधल्या सीटपेक्षा कधीही बरी. पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड केलेली कार सीट तिथे कधीही ठेवायची नाही. एअरबॅग उघडली की ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

आता आराम. दुकानात लोक अंगठ्यानं गादी दाबून बघतात. जाड गादी म्हणजे आराम नव्हे, मऊ गादी तर वजनानं चेपते आणि मग खालचं कडक प्लॅस्टिक लागतं. त्याऐवजी मुठीनं जोरात दाबा, खालचं कडक टोक हाताला लागतंय का बघा, कडेच्या शिवणी आणि पट्टा जिथून बाहेर येतो ती भोकं बोटांनी चाचपा. मांडीखाली आधार पुरेसा लांब आहे का? कापडातून हवा खेळते का? बाळाची पाठ आणि डोक्याचा मागचा भाग तासभर एकाच जागी टेकलेला असतो, तिथे हवा नसेल तर दुसरं काहीही असून उपयोग नाही. डोक्याच्या दोन्ही बाजूंचे पंख धडकेत संरक्षण देतात, पण ते फार जवळ आले तर बाळाला गरम होतं आणि बाहेरचं दिसत नाही. डोक्याचा आधार वर सरकवला की बऱ्याचदा पंखांमधलं अंतरही वाढतं.

आणि तान्ह्यासाठीची आतली गादी! तिच्याबद्दल मला आवर्जून सांगायचंय. ती अमुक वजनापर्यंतच वापरायची असते. पण सीट घेतली तशी ती आत राहून जाते. एका कुटुंबानं त्यांचा मुलगा रडतो म्हणून एक सीट बदलून दुसरी, आणखी महाग घेतली होती. दहा महिन्यांचं बाळ, आणि दोन्ही सीटमध्ये तान्ह्याची गादी तशीच. त्याचे खांदे पुढे ढकलले जात होते, मांड्यांमधला पट्टा रुतत होता, त्यात तो गरमीनं लाल झालेला. गादी काढली, पट्टे खांद्याच्या योग्य भोकातून घेतले, कोन थोडा उभा केला. त्या दिवशी घरी जाताना तो वाटेत झोपी गेला. पहिली सीटही चांगलीच होती. त्यांनी फेकून दिली नव्हती याचा मला आनंद झाला.

पट्ट्यांची उंची कशी ठरवायची हे पाठ करून ठेवा. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा जरा खालून यायला हवेत. पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीत किंवा जरा वरून. कारण धडकेत मागे तोंड केलेलं बाळ सीटच्या पाठीवरून वर सरकायला बघतं आणि खालून आलेला पट्टा त्याला धरून ठेवतो. घट्टपणासाठी खांद्याजवळचा पट्टा उभा चिमटीत पकडून बघा. चिमटीत पट्टा आला तर तो ढिला आहे, बोटं घसरली तर बरोबर. पट्ट्याला पीळ नको. छातीवर क्लिप असलेली सीट असेल तर ती काखेच्या रेषेत, पोटावर नाही.

ढिला पट्टा बाळाला सुखाचा वाटतो असं पालकांना वाटतं. मला उलट दिसतं. ढिल्या पट्ट्यात बाळ घसरत खाली जातं, मग मांड्यांमधलं बकल रुततं आणि ते कुरकुरतं. अंगाशी नीट बसलेला पट्टा कडेवर घेतल्यासारखा धरतो. थंडीत जाड जॅकेट घालून पट्टे लावू नका. एकदा करून बघा: जॅकेट घालून पट्टे घट्ट करा, मग पट्टे न हलवता बाळाला काढा, जॅकेट उतरवा आणि परत बसवा. जी ढील दिसेल तेवढी ढील धडकेच्या क्षणी असते, कारण जॅकेटमधली हवा तेव्हा क्षणात दबते. पातळ कपडे, पट्टे, आणि वरून पांघरूण, हा क्रम.

फिरणाऱ्या सीटबद्दल लोक खूप विचारतात, ज्या दाराकडे वळतात. ज्यांना पाठीचा त्रास आहे किंवा ज्यांचं बाळ जड आहे त्यांना त्या खरंच उपयोगी, आणि बाळाला समोर ठेवून पट्टे लावता येतात म्हणून पट्टे नीटही लागतात. पण त्या जड असतात, लहान गाडीत उंच वाटतात, आणि निघण्याआधी परत वळवून खटका बसला का हे दर वेळी बघावं लागतं. एकच गाडी वापरत असाल तर विचार करा. रोज सीट एका गाडीतून दुसरीत न्यायची असेल तर हलकी, साधी सीट घ्या. रोज घाईघाईत बसवलेली जड सीट कधीतरी चुकीची बसतेच.

सीटसोबत न आलेल्या गोष्टी आत घालू नका, म्हणजे वेगळ्या मिळणाऱ्या मानेच्या उशा, पट्ट्यांवरची जाड आवरणं, पाठीमागच्या गाद्या. त्यांच्यासह त्या सीटची चाचणी झालेली नसते. कव्हर पट्टे न काढता निघतं का ते विकत घेण्याआधी बघा, कारण दूध सांडणार आणि बाळ ओकणारही. पट्टे मशीनमध्ये धुवायचे नाहीत, भिजत घालायचे नाहीत, ब्लीच तर नाहीच. ओल्या फडक्यानं आणि सौम्य साबणानं पुसायचे. उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू चटका देण्याइतका तापतो, बसवण्याआधी हात लावून बघा. गाडी थांबली आणि बाळ झोपलेलं असलं तरी त्याला गाडीत एकटं ठेवायचं नाही, दोन मिनिटंसुद्धा. घरी पोचल्यावर सीटमध्येच झोपू देऊ नका, सपाट गादीवर झोपवा. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी बाहेर काढून पाठ मोकळी करू द्या.

वापरलेली सीट कुणी देत असेल तर एकच प्रश्न: हिचा पूर्ण इतिहास तुम्हाला माहीत आहे का? अपघातात सापडलेली सीट बाहेरून ठीक दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. बहिणीची असेल आणि मुदत शिल्लक असेल तर हो म्हणा. अनोळखी माणसाची असेल तर नको.

पुढे तोंड करण्याची वेळ येईल ती सीटची मागे तोंडाची मर्यादा संपल्यावर. तेव्हा फक्त सीट वळवून भागत नाही. बेल्ट दुसऱ्या मार्गानं घ्यावा लागतो (बऱ्याच सीटवर मागे तोंडासाठी निळा आणि पुढे तोंडासाठी लाल रंग असतो), पट्टे वरच्या भोकांत न्यावे लागतात, आणि वरून मागे जाणारा टॉप टेदर नावाचा पट्टा गाडीतल्या त्याच्या आकड्याला अडकवून ताणावा लागतो. हा टेदर लोक सर्रास विसरतात. तो लावला तर धडकेत मुलाचं डोकं दहा-पंधरा सेंटिमीटर कमी पुढे जातं, आणि समोरची सीट तेवढ्याच अंतरावर असते.

तुमच्यासाठी म्हणून सांगायचं तर, मागे तोंड करून १८ किलो किंवा त्याहून जास्त मर्यादा असलेली, उंच कवचाची, मोठ्या बाळासाठी उभा कोन चालणारी, हवा खेळणाऱ्या कापडाची सीट शोधा. दोन-तीन निवडा आणि तुमच्याच गाडीत, मुलीला बसवून बघा. जे दुकान गाडीत लावून बघू देत नाही तिथून घेऊ नका. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो त्या जागी हातानं धरून हलवा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड केलेल्या सीटचं डोक्याकडचं टोक हललं तर काळजी करू नका, ते हलणारच, तपासायची जागा बेल्टच्या मार्गाजवळची.

पहिले आठ दिवस छोटे फेरफटके घ्या, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना. जमेल तेव्हा तुमच्यापैकी एकानं तिच्या शेजारी बसा. ती रडली तर गाडी थांबवा, तिला उचलून घ्या आणि पाठ घामेजली आहे का, मांडीवर बकलचा वण आहे का, खांद्यावर पट्टा घासलाय का ते बघा. महिन्याभरानं पट्ट्यांची उंची पुन्हा मोजा. या वयात खांदे भराभर वर सरकतात आणि पट्टा मागच्याच भोकात राहून जातो.